घडीतला दाणा

येवल्यात त्या यंत्राला त्याच्या खऱ्या नावाने कधी कुणी हाक मारली नाही. कंपनीने खोक्यावर मोठ्या दिमाखात 'गंधलेखक' असं छापलं होतं. पण गावात पहिलं यंत्र आलं तेव्हा एका विणकराच्या म्हाताऱ्या आईने त्याच्या लांबट नळीकडे आणि तिच्यासमोर पसरलेल्या पैठणीकडे बघून विचारलं, "हे काय, लुगडं हुंगतंय व्हय?" झालं! त्या दिवसापासून गावभर त्याचं नाव 'हुंगी' पडलं. पुढेपुढे तर कंपनीचा दुरुस्तीवालाही दारातून "हुंगी कुठं ठेवलीय?" असंच विचारू लागला.

वृषालीने हुंगी घरात आणली ती हौसेने नव्हे. दुधाने तिचं तोंड चांगलंच पोळलं होतं. नवरा दिगंबर मागावर बसायचा आणि वृषाली त्याच्या पैठण्या 'हाटघर' नावाच्या ऑनलाइन बाजारात विकायची. फोटो काढणं, गिऱ्हाइकांच्या शंका फेडणं, मलमलच्या फडक्यात घडी गुंडाळून खोकं बंद करणं, सगळं तिचं. विकणं सोपं होतं. विकलेलं परत येणं कठीण होतं. हाटघरचा नियमच असा, की नको वाटलं तर आठवड्याभरात माल परत, कारण विचारायचं नाही. लगीनसराईत आठवड्याभरात बरंच काही उरकतं. एक पैठणी परत आली तिच्या काठाला हळद. दुसरीच्या निऱ्यांत पंगतीतल्या मठ्ठ्याचा डाग. एका बाईने तर वृषालीची मोरपंखी पैठणी नेसून, वरमाय म्हणून मिरवून, फोटो साऱ्या जगाला दाखवले आणि चारच दिवसांनी 'रंग आवडला नाही' म्हणून तीच साडी धाडून दिली. वृषालीने तो फोटो हाटघरकडे पाठवला, तर उलट विचारणा आली, की फोटोतली साडी हीच कशावरून? वर त्या बाईने 'विक्रेती उद्धट आहे' असा शेरा ठोकला. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

दिगंबर अशा वेळी काही बोलत नसे. परत आलेली साडी हातात घ्यायचा, पदरावरच्या मोरावरून अंगठा फिरवायचा आणि पुन्हा मागाच्या खड्ड्यात उतरायचा. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर वृषालीला बरं वाटलं असतं. त्याचं गप्प राहणंच तिला झोंबायचं.

मग हुंगी आली आणि चित्र पालटलं.

हुंगीचं शास्त्र समजायला अवघड नाही. माणूस चालताबोलता झडत असतो. त्वचेच्या बारीक खपल्या, त्वचेवरचं तेल, घाम आणि त्या घामावर जगणारे अगणित जिवाणू, हे सगळं आपण ज्याला शिवू त्यावर थोडं थोडं ठेवून जातो. जिवाणू घाम पचवतात आणि हवेत उडून जाणारे हलके रेणू सोडतात. आपण त्यांना वास म्हणतो. कुणाच्या अंगावर कोणते जिवाणू किती, हे त्याच्या खाण्यावर, वयावर, वंशावर ठरतं. म्हणून दोन माणसांचं मिश्रण कधी तंतोतंत जुळत नाही. कुत्र्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं, यंत्राला आत्ता कळलं एवढंच.

हुंगी कपड्यावरून कोमट हवा ओढून घेते आणि केसाहून बारीक अशा नळीतून सोडते. नळीत रेणूंची शर्यत लागते, कुणी पुढे जातो, कुणी मागे रेंगाळतो, आणि टोकाशी बसवलेली संवेदक तार एकेकाची नोंद घेते. त्वचेचं तेल हवेत हळूहळू खवट होतं, डब्यातलं दाण्याचं कूट होतं तसं. ते किती खवट झालं यावरून कपडा अंगावर कधी होता ते कळतं आणि धाग्यात किती खोल मुरलं यावरून किती वेळ होता तेही. उतारवयात त्वचेतून एक निराळाच रेणू येऊ लागतो, त्यामुळे वयाचाही अंदाज बांधता येतो. त्यातून रेशीम म्हणजे मुळात केसासारखंच प्रथिन. ते हा सगळा ऐवज सुती कापडापेक्षा घट्ट धरून ठेवतं.

हाटघरने एक पाऊल पुढे टाकलं. खातं उघडताना जसा अंगठा घ्यायचा, तशी त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाची 'वासखूण' घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे परत आलेल्या साडीवर कुणाचं अंग लागलंय ते हुंगी नावासकट सांगू लागली. निकाल मात्र विक्रेत्याने द्यायचा. पडद्यावर दोन बटणं यायची, 'पाहिली' आणि 'वापरली'. 'पाहिली' दाबलं की पैसे परत. 'वापरली' दाबलं की पैसे जप्त, आणि नेसणारीचं नाव सगळ्या विक्रेत्यांना दिसणाऱ्या फलकावर.

वृषालीने पहिल्यांदा 'वापरली' दाबलं त्या दिवशी तिने शेजारीपाजारी पेढे वाटले होते. पुढच्या सराईत गल्लीतले विणकर आपापल्या परत आलेल्या साड्या घेऊन तिच्याच ओट्यावर येऊ लागले. "वृषालीवहिनीची हुंगी खोटं बोलत नाही," असं म्हणायचे. तिलाही ते आवडायचं. माणसाला एकदा निवाडा करायची गोडी लागली, की गुन्हेगार कमी पडायला लागतात.

बार्शीची साडी आली ती याच दिवसांत. डाळिंबी रंगाची, नारळी काठाची. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'नको'. वृषालीने घडी हुंगीसमोर धरली. उत्तर आलं: नेसणारी एक. गिऱ्हाईक कांचन घोडके, ती ही नव्हे. वय साठीच्या पुढे. काळ अर्ध्या तासाच्या आत. नाव, मालन शेटे, बार्शी.

निकाल देण्याआधी डाग बघायचे म्हणून तिने पदर उलगडला, आणि घडीतून काहीतरी टपकन फरशीवर पडलं. तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

हुंगीला वास कळतो, दाणा कळत नाही. पण वृषालीला कळला. न कळायला ती काही परमुलखातून आली नव्हती. आपल्याकडे नवी साडी आपणच पहिल्यांदा नेसत नाही. नणंदेला नाहीतर बहिणीला, जिवाभावाच्या कुणाला तरी आधी घडी मोडायला देतात. ती साडी नेसते, देवाला नमस्कार करते, तिची तांदूळ-नारळाने ओटी भरतात, मग ती साडी सोडून परत देते. ज्याची आपल्यावर माया, त्याच्या अंगाची ऊब आधी साडीला लागावी, एवढाच त्यात भाव. वृषालीच्या स्वतःच्या प्रत्येक साडीची घडी तिच्या नणंदेने, कोपरगावच्या शैलाने मोडलेली होती. अर्ध्या तासाच्या आत, साठीची बाई, कुंकवाचा तांदूळ. याचा अर्थ लावायला यंत्र कशाला हवं?

तिचं बोट 'पाहिली'कडे गेलंही होतं. पण त्याच सकाळी एका नामांकित डॉक्टरीणबाईंनी बारशात नेसलेली पैठणी परत धाडली होती आणि वृषालीचं डोकं भणभणत होतं. शिवाय ओट्यावर चारजण बसले होते, वहिनी काय निकाल देतात ते बघत. अर्धा तास तर अर्धा तास, नेसली ती नेसलीच. सुक्याबरोबर थोडं ओलंही जळायचंच, असं तिने मनाला बजावलं आणि 'वापरली' दाबलं. दाणा कुणाला दिसू नये म्हणून तिने तो पायाने कोपऱ्यात लोटला.

पायाने. जेवताना शीत सांडलं तर कपाळाला लावून उचलणारी बाई ती.

संध्याकाळी कांचन घोडकेचा निरोप आला. 'ताई, मी नेसली नाही हो. नणंदेने घडी मोडली फक्त. तुम्हाला माहीत असेलच की.' वृषालीने तो वाचला आणि उत्तर दिलं नाही.

पुढचं तर नियमातच बसत होतं. विक्रेत्यांकडे आता ओझोनचं कपाट असे. त्यात साडी टांगली की ओझोनचा वायू वासाच्या रेणूंचे तुकडे तुकडे करून टाकी. मग हुंगी शून्य दाखवी, आणि हाटघरच्या लेखी यंत्राला वास न येणारी साडी ती कोरी. डाळिंबी साडी कपाटात गेली, शून्य झाली आणि 'कोरी' म्हणून पुन्हा विक्रीला लागली.

या दिवसांत बायकांच्या वागण्यातही फरक पडला होता. तो कुणी ठरवून केलेला नव्हता. दुकानात साडी बघताना बाई आता पदर खांद्यावर टाकून आरशात बघेना. काउंटरवर पातळ हातमोजे ठेवलेले असायचे, ते घालूनच पोत बघायचा. मैत्रिणीची शाल कुणी अंगावर घेईना. आपलं अंग कुठे लागेल आणि आपलं नाव कोणत्या फलकावर चढेल, काही नेम नव्हता.

भाऊबीजेला शैला आली. कोपरगावात तिची पिठाची गिरणी होती आणि तिच्या अंगाला बाजरीच्या पिठाचा वास कायमचा मुरलेला होता. वृषालीने दरवर्षीप्रमाणे आपली नवी साडी तिच्यापुढे ठेवली.

"वन्सं, घडी मोडताय ना?"

शैलाने साडीकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "नको गं बाई. माझा वास उतरायचा. उद्या तुझी हुंगी मलाच चोर म्हणायची."

ती हसत म्हणाली, दिगंबरही हसला. वृषालीने साडी उचलून कपाटात ठेवली. ती तशीच, घडी न मोडता, पडून राहिली.

मार्गशीर्षात एका दुपारी फोन वाजला.

"वृषालीताई का? मी कांचन घोडके, बार्शीहून. आठवते का तुम्हाला?"

वृषालीला नाव लगेच आठवलं. ती भांडणाच्या तयारीने सावरून बसली. "पैशांचं असेल तर हाटघरशी बोला. माझ्या हातात काही नाही."

"पैशापायी न्हाई केला फोन. पैसे राहू द्या तुमच्याकडंच. आमच्या वन्संचं नाव तुमच्या त्या पाटीवर हाय बघा. मालन शेटे. तेवढं पुसा ताई. त्यांच्या सुनेनं परवा पोराला स्वेटर मागवला, तर खोक्यावर चिठ्ठी आली, की या घरातली व्यक्ती फलकावर आहे, माल परत घेणार नाही. ती पोर रडायला लागली. म्हणाली, मामी, आमच्या सासूबाई चोर होत्या का?"

"मग त्यांनी स्वतः अर्ज करायला हवा," वृषाली म्हणाली. नियम तसाच होता.

"कशा करतील? वारल्या त्या. घडी मोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. सकाळी चहा ठेवला आन् बसल्या जागी गेल्या. माझी साडी होती ती. लेकीच्या लग्नाला घेतलेली. त्या नेसल्या, देवापुढं वाकल्या, म्हणाल्या, कांचे, तुला शोभंल हां. मग मला ती साडी डोळ्यासमोर नको झाली. सुतकातच पोरानं परत धाडली. काय लिहिलं त्यानं, कुणास ठाऊक."

'नको' असं लिहिलं होतं.

"आणखी एक विचारू का?" कांचनचा आवाज खाली गेला. "ती साडी हाय का तुमच्याकडं अजून? वन्संचं सगळं धुऊन, वाटून झालं. उशीचा अभ्रासुदिक धुतला कुणीतरी. त्यांनी शेवटचं अंगाला लावलेलं तेवढं एकच राहिलं. तुमचं यंत्र म्हणतं ना, वास रेशमात टिकतो म्हणून? असंल का वो अजून? मी पुन्हा विकत घेते. तेवढी द्या मला."

साडी होती. वास नव्हता. तो वृषालीने स्वतःच्या हाताने कपाट लावून, खटका दाबून, शून्य होईस्तोवर मारून टाकला होता. हे सांगायचं म्हणजे साडी कोरी म्हणून विकायला काढली होती हेही सांगायचं, आणि दाणा दिसला होता हेही. लाजेने तिची जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली ती भलतंच बोलत.

"आहे," ती म्हणाली. "आहे की. मी आणून देते."

"देव तुमचं भलं करो," कांचन म्हणाली. त्या आशीर्वादाने वृषालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवस तिला अन्न गोड लागेना. तिसऱ्या दिवशी एक युक्ती सुचली, आणि ती सुचली याचीच पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची होती. डाळिंबी साडी पिशवीत घालून तिने कोपरगाव गाठलं.

गिरणी बंद करून शैला दारातच बसली होती. पिशवीतून साडी निघताच तिचा चेहरा खुलला. तिने पदराला हात पुसले. "घडी मोडायला आणलीस? अगं, मी भाऊबीजेला उगाच बोलले. मलाच नंतर चुटपुट लागली बघ. आण इकडे."

वृषाली गप्प बसली असती तर काम होऊन गेलं असतं. पण वन्संनाही फसवणं तिला जमेना. तिने सगळं सांगून टाकलं. बार्शीची बाई, मेलेली नणंद, ओझोनचं कपाट, फोनवर बोललेलं खोटं. "वन्सं, तुमचं वय तेवढंच. तुम्ही अर्धा तास नेसलात तर त्या बाईला..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

शैलाचे हात साडीवरून मागे आले.

"म्हणजे मी मेलेल्या बाईचा वास व्हायचं?"

"तिला तेवढंच समाधान हो."

"तिला का तुला?" शैलाचा आवाज चढला. "आधी त्या माउलीला चोर केलंस. आता तिच्या जागेवर मला उभी करतेस. आणि ती कांचन जन्मभर माझा घाम छातीशी धरून रडणार, नणंद म्हणून! अगं, काही वाटतं का तुला? घडी मोडायची ती मायेनं, कुणाला गंडवायला नाही."

वृषालीने साडी परत पिशवीत घातली.

"एक सांग," शैला म्हणाली, आणि आता ती चिडलेली नव्हती, दुखावलेली होती. "साडी कुणी तरी घडी मोडायला दिली होती, हे तुला तेव्हा कळलंच नव्हतं?"

"कळलं होतं. घडीतून ओटीचा दाणा पडला होता."

"मग?"

"मी तो पायाने लोटला."

समोरून ऊस भरलेली एक गाडी गेली. "इतक्या वर्षांत तू माझी ओटी भरलीस," शैला शेवटी म्हणाली. "त्यातली एकही आठवली नाही गं तुला त्या वेळी?"

तिने चहा केला, पण दोघींपैकी कुणी तो धड प्यायलं नाही.

घरी येऊन वृषालीने दिगंबरला सांगितलं. नेसणारीच हयात नसल्यावर फलकावरचं नाव उतरवायला एकच रस्ता होता. विक्रेत्याने 'माझा निकाल चुकीचा' असं जाहीर करायचं, म्हणजे नेसणारीचं नाव खाली येई आणि तिच्या जागी वर्षभर विक्रेत्याचं चढे. फलकावरच्या विक्रेत्याकडून शहाणं गिऱ्हाईक काही घेत नसे. दिगंबरच्या मागाचं वर्षभराचं काम त्यात अडकणार होतं, म्हणून त्याला न विचारता चालणार नव्हतं.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कोरी म्हणून विकायला ठेवली होतीस?"

"नियमाने कोरीच होती."

"मी विणलेली साडी खोटं बोलायला लावलीस," तो म्हणाला. जन्मात त्याने तिला लागेल असं काही बोललेलं हे पहिलंच. मग तो मागाकडे जायला वळला. "उतरव त्या बाईचं नाव. विकल्या नाहीत तर नाही विकल्या."

तिने जाहीर केलं. मालन शेटे हे नाव खाली आलं आणि वृषालीचं वर गेलं. ओट्यावर येणारे दुसऱ्या दिवसापासून यायचे थांबले. कुणी काही बोललं नाही, पण भाजी घ्यायला निघाली की गल्लीतल्या गप्पा ती येताना बंद व्हायच्या आणि ती गेल्यावर सुरू व्हायच्या. फलकावर नाव असणं म्हणजे काय, ते तिला आता अंगाने कळत होतं. मेलेल्या मालनबाईंना ते कळलं नाही, हेच काय ते नशीब, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराचीही तिला लाज वाटली.

मग ती साडी घेऊन बार्शीला गेली. या वेळी खरं सांगायचं, एवढं ठरवून.

कांचन भगवंताच्या देवळामागे राहायची. लग्नघरी साड्या नेसवून द्यायचा तिचा व्यवसाय. बाहेरच्या खोलीत पिनांचे डबे होते आणि निऱ्या घालून दाखवायला एक लाकडी बाहुली. उंच, सावळी, तोंडाने फटकळ असावी अशी बाई. तिने साडी दोन्ही हातांनी घेतली. वृषाली "ताई, आधी माझं ऐका" असं म्हणेपर्यंत तिने घडी उलगडून पदरात तोंड खुपसलंसुद्धा.

"हाय!" पदरातूनच आवाज आला. "हाय की वो. अगदी हाच." तिने तोंड वर केलं तेव्हा डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "गुडघ्याला निलगिरीचं तेल लावायच्या बघा वन्सं. ते आन् वर तपकिरीचा जरासा. मी म्हणायची, काय वो हे, म्हाताऱ्यावानी. हाच वास!"

हुंगीने शून्य सांगितलं होतं. येवल्याहून निघण्यापूर्वी वृषालीने पुन्हा एकदा नळी धरून पाहिलं होतं, तेव्हाही शून्यच होतं. त्या रेशमात निलगिरी नव्हती, तपकीर नव्हती, मालनबाई नव्हत्या. पण समोर ही बाई पदर गालाला लावून बसली होती. आता कशाला सांगायचं? हिचं समाधान झालंय, आपली सुटका झालीय. वृषालीने तोंडाशी आलेलं गिळून टाकलं. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं तिला मुळीच आवडलं नाही.

"बसा," कांचन म्हणाली. "एवढ्या लांबून आलात, नाव उतरवलंत, स्वतःचं चढवून घेतलंत. वन्संच्या सुनेनं दाखवलं मला. तशी जाऊ देईन व्हय?"

साडी खुर्चीवर ठेवून ती आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकवाची कोयरी. वृषालीच्या कपाळाला तिने कुंकू लावलं आणि आपल्या दोन्ही हातांची ओंजळ तांदळाने भरली. "पदर पुढं करा."

वृषालीने पदर पसरला. वर कांचनच्या ओंजळीत कुंकवाचं बोट लागून लाल झालेले दाणे दिसत होते, आणि त्यातला एक अगदी तसाच होता.

"थांबा," ती म्हणाली. "ताई, त्या साडीत वास नाही. तुमचा फोन आला त्याच्या कितीतरी आधी मी तो यंत्राने घालवला. कोरी म्हणून विकायला लावली होती. फोनवर मी खोटं बोलले. आणि साडी आली तेव्हा घडीत ओटीचा दाणा होता, तो मी पाहिला होता. घडी मोडलीय हे मला कळलं होतं. कळूनसुद्धा मी तुमच्या वन्संना चोर केलं. तो दाणा... तो मी पायाने लोटला."

कांचनची ओंजळ होती तिथेच राहिली. तिने एकदा खुर्चीवरच्या साडीकडे बघितलं. मघाचं हसू चेहऱ्यावरून उतरत उतरत पार गेलं, आणि ते जाताना बघणं वृषालीला भाग होतं.

"मग मला आला तो?" तिने विचारलं.

त्याचं उत्तर हुंगीकडेही नव्हतं.

बाहेर देवळातली घंटा कुणीतरी वाजवली. पदर धरून वृषालीच्या हातांना रग लागली, पण तो खाली सोडायचा तिला धीर होईना. ओंजळ परत ताटात रिकामी होणार आणि आपण उठून जायचं, एवढंच तिला कळत होतं. झालं तर तेच न्यायाचं झालं असतं.

कांचनने ओंजळ तिच्या पदरात सोडली.

"सवाष्ण बाई दारातून रिकामी जाऊ नये म्हणून भरली," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही केलंत ते विसरले म्हणून न्हाई."

नारळ ठेवला. मग ती साडीपाशी गेली, घडी घातली, उराशी धरली आणि आतल्या खोलीत निघून गेली. निरोप द्यायला ती बाहेर आली नाही.

परतीच्या प्रवासात ओटीचा पदर वृषालीने एका हाताने घट्ट धरून ठेवला होता. शेजारच्या बाईने विचारलं, "माहेराहून का?" तिने मान हलवली, हो की नाही ते तिलाही ठाऊक नव्हतं. कोपरगाव आलं तेव्हा उतरावं असं फार वाटलं. पण शैलाला तोंड दाखवायचं अजून तिला जमणार नव्हतं.

घरी आल्यावर तिने ते तांदूळ शिजवायला घेतले. ओटीचे तांदूळ दुसऱ्याला द्यायचे नसतात, जिची ओटी तिनेच खायचे. धुताना एक दाणा निसटून फरशीवर पडला. वृषाली खाली बसली, तो बोटांनी टिपून घेतला, कपाळाला लावला आणि पातेल्यात टाकला.

भात झाल्यावर ती तिथेच चुलीपाशी ताट घेऊन बसली. दिगंबर मागावरून उठून आला, पाणी प्यायला आणि ताटाकडे बघून म्हणाला, "मला वाढ की थोडा."

"नको," वृषाली म्हणाली. "हा मलाच संपवायचाय."